टोबायसच्या शेजारची जागा

उन्हाळा लागला की मार्शग्रोव्हच्या मळ्यावर मिस एव्हलिना चिझम यांना उखळापाशी उभं करतात. डोक्याला फडकं, अंगात जाडाभरडा झगा, हातात मुसळ. समोर दोरी, दोरीपलीकडे पाहुणे. पाहुण्यांच्या अंगाला उन्हाचं मलम चोपडलेलं असतं आणि त्यावर डास पळवायचं तेल. जुलैच्या उन्हात ते सगळं वितळतं, त्यात ओहोटीच्या चिखलाचा वास मिसळतो. मिस एव्हलिना भात कांडत राहतात. मुसळ उचललं की ‘हं’, आपटलं की ‘हा’. मी तांत्रिक शाळेत आवाजाच्या यंत्रांचं शिकले, म्हणून त्यांच्या गळपट्टीला माइक लावायचं काम माझं. तो ‘हं-हा’ पार गाड्या लावायच्या जागेपर्यंत ऐकू गेला पाहिजे, असा हुकूम आहे.

दर शनिवारी कोणीतरी विचारतंच, “घरी पण तुम्ही असंच कांडता का?”

“छे हो,” मिस एव्हलिना म्हणतात, “घरी मी दुकानातून तांदळाची पिशवी आणते. तुम्ही घरून घोड्यावर बसून आलात का?”

पाहुणे खिदळतात. त्यांना वाटतं, हेही तिकिटात आहे.

मळा आता एका प्रतिष्ठानाच्या ताब्यात आहे आणि प्रतिष्ठानाला उन्हाळ्याचा एकही दिवस रिकामा गेलेला खपत नाही. सकाळी भाताच्या जुन्या बांधावर योगासनं. दुपारी मुलांची शिबिरं: मेणबत्त्या ओता, निळीत रुमाल बुडवा, उखळात दोन घाव घाला आणि फोटो काढा. संध्याकाळी मालकांच्या मोठ्या घरापुढच्या हिरवळीवर वाजंत्री, चटया आणि पुदिन्याचं गोड पेय. एकदा तर ‘खोपट्यांतलं जेवण’ नावाची पंगत झाली. ज्या खोपट्यांत आमचे पणजे-खापरपणजे गुलाम म्हणून कोंबले होते, त्यांच्यापुढे पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं मांडली आणि भेंडीचा एकेक तुकडा काडीला टोचून तबकातून फिरवला. आमच्याकडे भेंडी मोठ्या पातेल्यात शिजते, तिच्यात खेकडा पडतो, कोलंबी पडते, आणि खाताना रस कोपरापर्यंत ओघळतो. काडीवरची ती भेंडी पाहून मिस एव्हलिना एवढंच म्हणाल्या, “बिचारीला सुळावर दिली.”

मिस एव्हलिनांची पणजी त्यातल्याच एका खोपट्यात जन्मली. त्या स्वतः मळ्याच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीत वाढल्या, जिथे आम्ही सगळे राहतो. आयुष्यभर त्यांनी सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवला. माझी आई त्यांच्या हातचं जेवली, मीही जेवले. भात मोकळा झाला पाहिजे, दाणा दाण्याला चिकटता कामा नये, यावर त्या हटून बसायच्या. “चिकट भात आणि चिकट माणूस, दोन्ही घासून काढावे लागतात,” असं म्हणायच्या. रविवारी चर्चमध्ये त्यांची टोपी सगळ्यात मोठी. मागे बसणाऱ्याला पाद्री दिसत नाही. कोणी कुरकुर केली तर मागे न वळता विचारतात, “ऐकायला आलायस की बघायला?”

आमच्याकडे बाईला मानाने ‘मिस’ म्हणतात, लग्न झालं तरी. त्यांचा नवरा टोबायस खेकडे पकडायचा. लग्नाआधी तो रोज पहाटे त्यांच्या आईच्या दारात खेकड्यांची टोपली ठेवून पळून जायचा. ही गोष्ट त्या अशी सांगतात: “तोंडाने बोलायला लाजायचा, आणि खेकडे टोपलीतून निघून आमच्या अंथरुणात शिरायचे. शेवटी आई म्हणाली, ह्याच्याशी लग्न कर बाई, नाहीतर आपल्याला झोप नाही.” मूलबाळ झालं नाही. दोघांनी एकमेकांनाच लेकरासारखं सांभाळलं. टोबायसची छाती बिघडली तेव्हा त्या त्याला पाठीवर घेऊन ओसरीत आणायच्या, नदीचा वारा लागावा म्हणून.

टोबायसला मळ्यातल्या रानात पुरलं आहे, नदीच्या अगदी काठाला. गुलामीच्या काळापासून आमची माणसं तिथेच जातात. दगड फारसे नाहीत. माणूस गेलं की त्याने शेवटी वापरलेली वस्तू त्याच्या डोक्याशी ठेवायची: कप, चष्मा, औषधाची बाटली, दिव्याची काच. आणि ठेवण्याआधी ती फोडायची. न फोडता ठेवली तर गेलेला माणूस एकेकाला बोलावत राहतो, घर रिकामं होतं. फोडली की साखळी तुटली. मग तिला कोणी हात लावत नाही. पानं पडू द्यायची, वेली चढू द्यायच्या, झाडाला थडग्यावर मूळ धरू द्यायचं. झाडू तर नाहीच. रान जितकं दाट, तितकी माणसं स्वस्थ.

मळ्याच्या जुन्या मालकीणबाई जिवंत होत्या तेव्हा त्यांनी मिस एव्हलिनांना शब्द दिला होता: टोबायस इथे आणि वेळ आली की त्याच्या शेजारी तू. पुढे मालकीणबाई गेल्या, मळा प्रतिष्ठानाकडे आला आणि प्रतिष्ठानाने रानातली दफनं बंद केली. “तुम्हाला दिलेला शब्द मात्र आम्ही पाळू,” असं मिस एव्हलिनांना सांगितलं. सांगितलं फक्त, लिहून दिलं नाही. म्हणून त्या उखळापाशी उभ्या राहतात. वस्तीतल्या काहींना वाटतं की त्यांना मिरवायची हौस आहे.

“डोळ्यांसमोर असलं की माणूस विसरला जात नाही,” त्या मला एकदा तारा गुंडाळताना म्हणाल्या होत्या. “सहा फूट जमिनीसाठी मुसळ हाणतेय, पोरी. माझ्या पणजीला तेवढीही लालूच नव्हती.”

त्या शनिवारी उकाडा असा होता की झाडावरून लोंबणारं शेवाळसुद्धा हलत नव्हतं. कांडण संपवून मिस एव्हलिना लिंबू सरबताचा पेला घेऊन मोठ्या ओकच्या सावलीत गेल्या. मी माइक काढून घ्यायला त्यांच्या मागे. सावलीत मुलांचं शिबिर चाललं होतं. सिमेंटचं एक बाक होतं, त्यावर ओला गिलावा थापलेला आणि मुलं त्यात फुटक्या काचांचे, कपबश्यांचे तुकडे बसवत होती. फलकावर लिहिलं होतं: ‘आठवणींचं बाक’. जे तुकडे मोठे होते ते आणखी बारीक करायला एक टेबल, त्यावर छोट्या हातोड्या. डोळ्यांना प्लास्टिकचा चष्मा लावलेली एक चिमुरडी एका कपावर हातोडी उगारून उभी होती.

कप पांढरा, जाड. बुडाला भोक. कानाला तडा गेलेला आणि तिथे खेकडे पकडायच्या सापळ्याची तार घट्ट गुंडाळलेली.

“थांब गं, बाळ,” मिस एव्हलिना म्हणाल्या.

मुलगी थांबली. मिस एव्हलिनांनी कपाला हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग टेबलावरच्या तबकातल्या बाकीच्या वस्तूंकडे बघितलं. दिव्याची धुरकट काच. निळी बाटली. चिनी मातीच्या बाहुलीचं डोकं. त्यांचा चेहरा असा झाला, जसा शाळेत भाताच्या पोत्यात मेलेला उंदीर सापडला तेव्हा झाला होता.

“हे कुठून आणलं?”

ब्लेअर लगबगीने आली. ब्लेअर ही कार्यक्रमांची प्रमुख. वाईट मुलगी नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. बोलताना छातीवर हात ठेवते. डोळ्यांत पाणी कायम काठावर.

“सुंदर झालंय ना, मिस एव्हलिना? आमच्या स्वयंसेवकांनी नदीकाठचं रान साफ केलं. काय कचरा होता हो तिथे! फुटक्या कपबश्या, बाटल्या. लोक काय वाट्टेल ते टाकून जातात. थडगी दिसतसुद्धा नव्हती. मग आम्हाला सुचलं, फेकायचं कशाला? मुलांना इतिहास हातात घेऊ दे.”

“रान साफ केलं,” मिस एव्हलिना म्हणाल्या.

“पानं ओढली, वेली कापल्या, लाकडाचा भुसा पसरला. आता बघाल तर ओळखणार नाही! आणि काळजी करू नका, सगळं स्वच्छ आहे. उपाहारगृहाच्या भांडी धुवायच्या यंत्रातून काढलंय. दोनदा.”

मिस एव्हलिनांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. “आणि हा पेला?”

“हा... म्हणजे, यंत्र एकच आहे...”

त्यांनी पेला गवतावर ठेवला, बोटं झग्याला पुसली, पुन्हा पुसली. हिरवळीवर दीडएकशे माणसं त्याच पेल्यांतून सरबत पीत होती.

“मिस ब्लेअर,” त्या म्हणाल्या, “हा माझ्या नवऱ्याचा कप आहे. गेला त्या सकाळी त्याने यातून कॉफी घेतली. अर्धीच प्यायला. उरलेली मी ओतली आणि बूड मी स्वतः फोडलं. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या डोक्याशी ठेवलेली वस्तू उचलून खरकट्या बश्यांबरोबर धुतलीत.”

माइक अजून चालू होता. बटण त्यांच्या कमरेला होतं आणि त्या वेळी त्यांच्या कमरेला हात घालायची माझी छाती नव्हती. ‘खरकट्या बश्यांबरोबर’ हे शब्द स्पीकरांतून हिरवळीवर गेले, योगासनांच्या चटयांवर गेले, गाड्यांपर्यंत गेले. माणसं उठून बघू लागली.

पाहुण्यांना फिरवायची बॅटरीची गाडी चालवणारा अमोस आवाज ऐकून धावत आला. अमोस हा टोबायसचा धाकटा भाऊ, आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचा कारभारी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला भिणारा माणूस.

“एव्ह, ऐक माझं,” तो त्यांच्या कानाशी लागला, म्हणजे माइकशीच. “गिळ आत्ता. जागा जाईल तुझी!”

‘जागा जाईल तुझी,’ स्पीकर म्हणाले. अमोसने दचकून झाडावरच्या स्पीकरकडे पाहिलं.

“अमोस,” मिस एव्हलिना म्हणाल्या, “मला खुर्ची आण.”

त्याने आणली. त्या बाकासमोर बसल्या, दोन्ही हात मांडीवर.

“मी थडग्यावरचं उचलत नाही,” त्यांनी ब्लेअरला सांगितलं. “तुम्ही उचललंत. ज्या हाताने उचललं त्याच हाताने परत ठेवायचं. सगळं.”

ब्लेअरचा हात छातीवर गेला. “मी समजू शकते. अगदी मनापासून माफी मागते. सोमवारी सकाळी मी स्वतः...”

“आत्ता.”

“पण मुलांचे आईवडील, बाकासाठी देणगी दिलेलं कुटुंब आलंय आज...”

“आत्ता, बाळ. मी बसलेय.”

आणि त्या बसून राहिल्या. कोणावर ओरडल्या नाहीत. ब्लेअर रडली, कुठेतरी फोन केला, पुन्हा रडली. शेवटी हिरव्या सदऱ्यांतले स्वयंसेवक माना खाली घालून आले आणि ओल्या गिलाव्यातून एकेक तुकडा उचकटू लागले. चष्मावाली चिमुरडी त्यांना मदत करायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

इथवरच थांबलं असतं तर मी ही गोष्ट अभिमानाने सांगितली असती.

तबकं घेऊन स्वयंसेवक रानाकडे निघाले. पुढे ब्लेअर, ओंजळीत टोबायसचा कप. मागे मिस एव्हलिना आणि अमोस. मी त्यांचा माइक एव्हाना काढला होता. वळून बघते तर सगळी हिरवळ आमच्या मागे! टोपल्या, छत्र्या, बाबागाड्या, हातात सरबताचे पेले. फोन उंच धरलेले. एका गृहस्थाने मला हळूच विचारलं, “हे आपल्या तिकिटात आहे की वेगळं घ्यावं लागतं?” मागून बायकांच्या एका घोळक्याने चर्चमधलं गाणं गुणगुणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपलीकडे कोणालाच येत नव्हतं, म्हणून पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा.

रान मी ओळखलं नाही. वेली गेल्या होत्या. जमीन दाढी केल्यासारखी. नारिंगी भुशावर उघडी थडगी उन्हात पडलेली, दवाखान्यात अंगावरची चादर ओढून घेतलेल्या माणसांसारखी. मिस एव्हलिना हाताने नाही, हनुवटीने दाखवत गेल्या. “ती काच झिपोरा मावशीची. तिकडे, झाडाखाली. निळी बाटली टोबायसच्या आईची.” बाहुलीचं डोकं कोणाच्या लेकराचं ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ते त्यांनी मधोमध ठेवायला लावलं. ब्लेअरने गुडघे टेकून कप ठेवला.

मग गवती टोपीवाला एक म्हातारा पुढे आला. त्याने टोपी काढली, मान लववली, आणि आपला सरबताचा पेला टोबायसच्या डोक्याशी ठेवला.

तळाशी बर्फ होता. वर पुदिन्याचं पान.

त्याच्यामागे एक बाई आली. तिने काडीसकट पेला ठेवला, काडीला ओठांचा लाल रंग. मग दुसरी. कोणी मनगटावरचा प्रवेशाचा कागदी पट्टा तोडून ठेवला. एकाने गाडीच्या किल्लीला लावलेलं खेळण्यातलं कासव सोडून ठेवलं आणि डोळे पुसले. रांग लागली. सगळे इतक्या हळुवारपणे करत होते की कोणाच्या थोबाडीत मारावी तेही सुचेना. सरबत सांडून टोबायसच्या मातीत मुरत होतं आणि मुंग्या निघाल्या होत्या.

“अमोस,” मिस एव्हलिनांनी विचारलं, “हे काय करतायत?”

“मान देतायत, एव्ह.”

“कोणाला?”

अमोस पायावर चढलेल्या मुंग्या झटकू लागला.

पुढच्या आठवड्यात ब्लेअर त्यांच्या घरी आली. ओसरीत बसली. पीचचा केक घेऊन आली होती, स्वतः भाजलेला. अमोस होता, मी पंखा दुरुस्त करत होते. ब्लेअरच्या चेहऱ्यावर न्हाऊन आल्यासारखं तेज होतं.

“प्रतिष्ठानाची बैठक झाली,” ती म्हणाली. “सगळे हेलावून गेलेत, मिस एव्हलिना. लोकांनी फोनवर काढलेलं जिकडेतिकडे पसरलंय. देशभरातून फोन येताहेत. बाक आम्ही काढून टाकतोय. त्याऐवजी दर शनिवारी एक फेरी ठेवायची आहे, ‘परतीची वाट’. पुढे तुम्ही चालायचं. उखळ नको, मुसळ नको, नुसतं चालायचं. पाहुणे येताना घरून एखादा फुटका कप आणतील.”

“माझ्या नवऱ्याच्या अंगावर टाकायला?”

“ठेवायला,” ब्लेअर हळूच म्हणाली. “आणि एक चांगली बातमी. तुमची जागा. प्रतिष्ठान लिहून द्यायला तयार आहे, वकिलाकडून. टोबायसच्या शेजारी, कायमची. यापुढे कोणालाही ती काढून घेता येणार नाही.”

अमोसने इतका मोठा श्वास सोडला की खुर्ची करकरली. “देवा तुझे उपकार,” तो म्हणाला. “एव्ह, हो म्हण.”

मी मिस एव्हलिनांकडे बघत होते. ज्या गोष्टीसाठी इतके उन्हाळे झगा घालून त्या दोरीमागे उभ्या राहिल्या, ती गोष्ट ओसरीत चालत आली होती. त्यांचे ओठ हलले, बहुतेक टोबायसचं नाव.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या.

“काहीही विचारा.”

“मी तिथे निजले, की शनिवारची वरात थांबेल?”

ब्लेअरचा हात छातीवर गेला. “आम्ही ती अतिशय आदराने...”

“थांबेल का?”

ब्लेअरने खरंच विचार केला. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. “मिस एव्हलिना,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, “तेव्हा तर तिला खरा अर्थ येईल.”

केकवर माशी बसली. कोणी उडवली नाही. या मुलीने हे दुष्टपणे म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“केक छान फुगलाय,” मिस एव्हलिना उठत म्हणाल्या. “घरी घेऊन जा. इथे कोणी खायचं नाही.”

ब्लेअरची गाडी गेल्यावर अमोस भडकला. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

“वेडी झालीस का? मेल्यावर काय कळतंय, कोण बघतंय आणि कोण नाही?”

“तुला जिवंतपणी तरी कुठे कळतंय?” त्या म्हणाल्या. “मान देतायत म्हणे.”

“बोल, मला काय वाट्टेल ते बोल. आणि टोबायस? त्याला तिथे एकटा टाकणार?”

हा घाव बरोबर बसला. मिस एव्हलिनांनी घमेलं ओढलं आणि वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याचशा घमेल्यात पडल्या, काही जमिनीवर.

“तो एकटा नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “तिथे त्याची आई आहे. झिपोरा मावशी आहे. एकटी मी पडणार आहे, अमोस. त्याचं तू बोलू नकोस, माझं बोल.”

अमोसने टोपी हातात फिरवली आणि खाली वाकून सांडलेल्या शेंगा वेचू लागला.

सोमवारी मळा बंद असतो. अमोसकडे मागच्या फाटकाची किल्ली आहे. आम्ही तिघं गेलो. मिस एव्हलिनांनी रविवारचा पोशाख घातला होता आणि हातात कचऱ्याची काळी पिशवी होती. पेले अजून तिथेच होते. बर्फ वितळून पाणी झालं होतं, पाण्यात बुडालेल्या गांधीलमाश्या, पुदिना काळा पडलेला. वास असा की मी नाकातोंडावर हात धरला. त्या वाकल्या आणि एकेक पेला, एकेक काडी, पट्टे, कासव, सगळं पिशवीत टाकत गेल्या.

“तुम्ही उचलत नाही ना थडग्यावरचं?” मी विचारलं.

“हे थडग्यावरचं नाही. हा कचरा आहे. त्यांना फरक कळत नाही म्हणून आपणही विसरायचा का?”

कपाला त्यांनी हात लावला नाही. पिशवीला गाठ मारून अमोसच्या हातात दिली आणि आम्हाला मागे व्हायला सांगितलं. आम्ही झालो, पण रान आता इतकं उघडं होतं की ऐकू येणारच होतं.

“टोबायस,” त्या म्हणाल्या, “मी इथे येत नाहीये. तुला उचलून नेता आलं असतं तर नेलं असतं, पण निजलेल्याला हलवत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी इथे निजले तर हे लोक माझ्याही उशाशी उभे राहून सरबत पितील. आणि तू त्यांना हाकलणार नाहीस, तू कोणालाच हाकलत नाहीस. मी एवढी चांगली बाई नाही रे. माझं तिथे शिव्या देण्यात आयुष्य जाईल.” त्यांनी जीभ चावली. “आयुष्य म्हणाले. हसू नकोस.”

मग त्या बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. चिलटांनी त्यांचे हात फोडून काढले, तरी हलल्या नाहीत.

फाटकातून बाहेर पडताना अमोस रडत होता. त्या कोरड्या होत्या. पिशवी त्यांनी मळ्याच्याच कचराकुंडीत टाकायला लावली.

आमच्या चर्चची दफनभूमी महामार्गाला लागून आहे, टायरच्या दुकानामागे. तिथे झाडं नाहीत, नदीचा वारा नाही. डीकन म्हणून जागा दाखवायचं आणि ठरली की खुंटी ठोकायचं काम अमोसचंच. त्याच दुपारी आम्ही तिथे गेलो. तो मुद्दामच त्यांना एकेका वाईट जागेपाशी नेत होता, अजून मन फिरेल म्हणून.

“ही बघ, इथे खड्डा केला की पाणी लागतं. आणि ती, तिथे टायरवाल्याचा कुत्रा बसतो. आणि ही तर रस्त्यालाच लागून. ट्रक गेला की जमीन हादरते. झोप लागायची नाही तुला, एव्ह.”

“पाद्रीबाबांच्या प्रवचनातही हादरते, तेव्हा तुला बरी लागते.”

मिस एव्हलिना रस्त्याकडच्या जागेवर गेल्या. टाचेने गवत दाबून बघितलं, पाणी वर येतं का ते. नाही आलं. एक मालट्रक धडधडत गेला, त्यांची टोपी उडता उडता राहिली. त्यांनी ती हाताने दाबून धरली. त्या जागेच्या शेजारची जागाही रिकामीच होती. तिच्याकडे त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

तेवढ्यात एक गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. काच खाली झाली. पुढच्या आसनावर नकाशा उघडा, मागे मुलं.

“बाई, आम्ही जुनी स्थळं बघत चाललोय,” आतला माणूस म्हणाला. “इथे बघण्यासारखं काही आहे का?”

अमोसने सवयीने मळ्याच्या दिशेला हात उचलला. मिस एव्हलिनांनी तो धरून खाली केला.

“इथे?” त्या म्हणाल्या. “काही नाही हो.”

माणसाने एकवार टायरच्या दुकानाकडे, एकवार गवताकडे पाहिलं. त्याला ते पटलं. काच वर झाली आणि गाडी निघून गेली.

“हीच,” मिस एव्हलिना अमोसला म्हणाल्या. “खुंटी ठोक.”